सोनेरी कडेचे सहा पेले

मी, जैनुद्दीन हसनमियाँ होडेकर, वय वर्षे अठ्ठावन्न, मूळ राहणार राजिवडा, रत्नागिरी, सध्या मुक्काम सीब, ओमान, आज बिस्मिल्लाह म्हणून हा कागद लिहायला घेतो. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी माझ्यावर जोर केलेला नाही. जोर केला असता तर दहा वर्षांपूर्वीच लिहून झाले असते. येत्या मंगळवारी माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, पण सही मात्र तीन ठिकाणी घेतली. म्हणून माझ्या मागे कोणी काय करावे, हे स्वहस्ते नोंदवतो. याआधी सन दोन हजार दोनमध्ये लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण खरेही फारसे नव्हते.

कलम १. मी इथे मेलो तर मला इथेच पुरावे. प्रेत राजिवड्याला नेण्याचा खटाटोप करू नये. जिवंतपणी मला विमानतळावर सोडायला यायचा कंटाळा करणारे लोक मेल्यावर आणायला येतील, असा माझा समज नाही.

कलम २. माझी पत्नी हाफिजा, मुलगी आफरीन आणि मुलगा ताबिश हे माझे वारस. त्यांचे हिस्से शरियतने ठरवून ठेवले आहेत, त्यात मी ढवळाढवळ करू शकत नाही आणि करायची इच्छाही नाही. माझ्या मर्जीने मी फक्त एक तृतीयांश देऊ शकतो आणि तोही वारसाबाहेरच्या माणसाला. त्या एक तृतीयांशाबद्दल कलम ८ मध्ये लिहिले आहे. हाफिजा, तू आधी कलम ८ उघडशील हे मला ठाऊक आहे. तसे करू नकोस. कलम ७ वाचल्याशिवाय ते समजणार नाही.

कलम ३. राजिवड्याच्या घरातला माझा अर्धा भाग वारसांकडे जाईल. अंगणात माझा धाकटा भाऊ जहूर याने माझ्या परवानगीशिवाय जी भिंत घातली, ती भिंत मी त्यालाच देतो. तिच्यावरून आम्ही सहा वर्षे बोललो नाही. आता मला वाटते, दोन भावांच्या भांडणाला निदान बघणारे तरी होते. मी ज्या अपराधाबद्दल पुढे लिहिणार आहे, तो कोणी पाहिलाच नाही. जहूरवर माझा राग उरलेला नाही.

कलम ४. माझा अरबी टाइपरायटर. इकडच्याच निझवा शहरात मी सात वर्षे एका व्यापाऱ्याच्या दुकानी कारकून होतो, तिथे माझे मदरशातले अरबी बाजारात बोलण्याजोगे झाले. अर्बाबने, म्हणजे त्या मालकाने, निरोप देताना हे यंत्र दिले. ते ताबिशने घ्यावे. तो म्हणेल, “बावा, आय हॅव अ लॅपटॉप.” ठेव रे बाबा. शोभेला ठेव.

कलम ५. निळ्या रंगाची एक क्लिपबोर्ड आहे, कपाटाच्या वर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ती कोणाला देऊ नये. मोडून फेकून द्यावी.

कलम ६. दिवाणखान्यातला लाल गालिचा माझे शेजारी मार्टिन घोन्साल्विस यांना द्यावा. मार्टिन वसईचे, इथल्या एका हॉटेलात वीस वर्षे नोकरीला. त्यांना मी सांगितले की हा गालिचा मला ज्या कारणाने मिळाला ते कारण चांगले नाही, यावर नमाज पढावीशी मला कधी वाटली नाही. ते म्हणाले, “जैनुभाय, पाप तुमच्याकडे ठेवा, गालिचा इकडे पाठवा. लुर्डस कधीची मागे लागलीय.” लुर्डस म्हणजे त्यांची पत्नी. तरी तिलाही पुढचे वाचून दाखवावे आणि मग घ्यायचा की नाही ते तिने ठरवावे.

कलम ७. हे कलम मोठे आहे. सगळ्यांनी बसून ऐकावे.

सन एकोणीसशे सत्त्याण्णवमध्ये मी वादी अदाईला एका बेकरीच्या वरच्या खोलीत तिघा जणांबरोबर राहत होतो. एका श्रीमंत ओमानी घराण्याची धर्मादाय कचेरी होती. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण त्यांचा हेतू नेक होता. परदेशी कुटुंबांतल्या मुलांची शाळेची फी भरावी असे त्यांच्या मनात होते. अर्ज आले ते मुख्यतः दोन समाजांतून, इराणी आणि इराकी. दोघांची परिस्थिती ताडून पाहावी, कोण अडचणीत आहे ते ठरवावे, म्हणून घरोघर जाऊन माहिती घ्यायची होती. त्या कामाला मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतले. वर साहेब म्हणून वसुंधरा मॅडम होत्या, पुण्याच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, “जैनुद्दीन, मदत कशासाठी ते घरात सांगायचं नाही. सांगितलं की सगळे रडगाणं गातात. आपण फक्त ऑब्झर्व्ह करायचं.” मला एक निळी क्लिपबोर्ड दिली, तिच्यावरच्या तक्त्याच्या शेवटी एक रकाना होता: राहणीमान. त्यात तीनपैकी एक शब्द लिहायचा, हलाखीचे, बेताचे किंवा बरे.

आधी इराण्यांकडे गेलो. यातले बरेचसे मिनाब आणि बंदर अब्बासकडचे. त्यांचे गाव समुद्रापलीकडेच, लाँचने जाऊन येता येते. गावात घर, इकडे दुकान, मधे चुलतभावाची लाँच. सुकामेवा, केशर, गालिचे, बेकरी. मुलगा दहावीला नापास झाला तरी काकाच्या गल्ल्यावर बसतो. पैसा असो वा नसो, पाठीला भिंत होती. पण घरात पाहाल तर जमिनीवर साधी सतरंजी, जाड काचेचा पेला, जिभेवर ठेवायला साखरेचा खडा. कागद-पेन घेऊन आलेल्या माणसासमोर व्यापारी कधी हसत नाही, हे मी निझव्यात शिकलो होतो. आमच्या खालच्या बेकरीचे मालक हाजी दादखुदा तर गोणपाटावर बसून मला सांगत होते, “भाई, काय सांगू? पीठ महाग, भाऊ आजारी. अल्ला दिवस काढतो, खलास.” त्यांच्या चपलेला दोरी बांधलेली होती. त्यांच्या दोन लाँच होत्या, हे मला माहीत होते, कारण त्यांच्याच छपराखाली मी राहत होतो. मी लिहिले: हलाखीचे.

सगळेच इराणी हाजी दादखुदासारखे नव्हते. बेकरीच्या भट्टीवर राबणारे होते, गोण्या शिवून पोरे वाढवणारी एक विधवा होती. तिच्यापुढेही मी ‘हलाखीचे’ लिहिले आणि तेवढे एक घर मी बरोबर लिहिले. पण दोन मुलखांतून आलेल्या माणसांना दोन रकान्यांत कोंबणे, तिथेच खरी गफलत सुरू झाली होती.

मग इराकी. त्यांची सीबमध्ये, जुन्या बाजारामागच्या एका गल्लीत पाच-सहा घरे जवळजवळ होती. हे लोक शिकलेले. शिक्षक, इंजिनियर, एक दातांचा डॉक्टर. युद्ध झाले, निर्बंध आले, त्यांच्या दिनाराची किंमत कागदाएवढी झाली. इकडे शाळांत करारावर नोकऱ्या मिळाल्या होत्या, त्यातल्या काही सुटल्या. परत जायची सोय नाही, गावाहून मदत येण्याऐवजी गावाकडेच पाठवावी लागायची. कोणाच्या भावाचे दुकान नाही, कोणाची लाँच नाही. त्यांच्याकडे एकच ठेव होती, मुलांचे शिक्षण. हे सगळे मला आज नीट मांडता येते. तेव्हाही येत होते.

त्या दिवशी दुपारी मी त्या गल्लीत चार घरी गेलो. पहिले घर उस्ताद मुवफ्फक यांचे. बसऱ्याला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. इथे शाळेचा करार संपला म्हणून गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात भांडारपाल झाले होते. त्यांच्या पत्नीला सगळे उम्म ईनास म्हणत, म्हणजे ईनासची आई. ईनास त्यांची मुलगी, पंधरा वर्षांची. उस्ताद म्हणाले, “गणितात ती माझ्याही चुका काढते.” मला सोफ्यावर बसवले. चांदीसारख्या ट्रेमधून चहा आला, कमरेत बारीक असलेल्या काचेच्या छोट्या पेल्यांत. इराकी लोक त्यांना इस्तिकान म्हणतात. पेल्यांना सोनेरी कडा, बश्यांनाही सोनेरी कडा. बरोबर खजूर भरलेली बिस्किटे. मी म्हटले, “तकलीफ कशाला?” मुलाचे नाव विचारून, त्यांच्या रीतीने मला ताबिशचा बाप म्हणत उस्ताद म्हणाले, “अबू ताबिश, तुम्ही आमचे पाहुणे आहात. कागदपत्र नंतर.”

दुसऱ्या घरी गेलो. तिथेही सोनेरी कडेचे पेले. मला वाटले, यांच्यात अशीच पद्धत असेल. तिसऱ्या घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी ईनास दिसली. हातात काहीतरी धरलेले, त्यावर चादर टाकलेली, आणि ती मागच्या बाजूने झपाझप चालली होती. मला पाहून तिने मान खाली घालून सलाम केला. मी पुढच्या दाराने आत गेलो. चहा यायला जरा उशीर झाला आणि पुन्हा तेच पेले. एका बशीची कड उडालेली होती. ती उडालेली कड मी पहिल्या घरी पाहिली होती.

चौथ्या घरी मी बशी उलटी करून पाहिली.

आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही, पण माझ्या मुलांना सांगावे लागेल. राजिवड्यात कोणाकडे मुलगी बघायला पाहुणे आले की शेजारच्या घरातून कपबश्या यायच्या. परत देताना घोटाळा होऊ नये म्हणून ज्याच्या त्याच्या बशीखाली खूण असे. माझी माँ लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायची. आमच्या घरी चारच कप होते. पाहुणे जास्त आले की बिलकीस खालाकडून सहा यायचे, आणि आमचे चार दुसऱ्यांच्या घरी जायचे. पाहुणे गेल्यावर ते कप धुऊन, फडक्यात बांधून, मागच्या दाराने पोचते करायचे काम माझे. त्यामुळे कोणाकडेही चहा प्यायला बसलो की हळूच बशी उलटी करून पाहायची मला खोडच लागली आहे. हाफिजा मला त्यावरून चारचौघांत टोमणे मारते.

त्या बशीखाली लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

समुद्र ओलांडून, कुठला मुलूख, कुठली भाषा, आणि बाईमाणसांना सुचलेली युक्ती तीच, अगदी रंगसुद्धा तोच. त्या क्षणी मला सगळे कळले. हे पेले एकाच घरचे आहेत. कदाचित तो सोफाही एकाचाच आहे. ताटलीत आता एकच बिस्किट उरले होते. त्या घरातली लहान मुलगी दाराला टेकून त्या बिस्किटाकडे बघत होती, तिच्या आईने तिला डोळ्यांनी आत पाठवले. यजमान म्हणाले, “घ्या ना, आमच्याकडे भरपूर आहेत.”

मी ते खाल्ले. नको म्हटले असते तर त्यांना कळले असते की मला कळले आहे, असे मी स्वतःला सांगितले. खरे तर मला भूक लागली होती.

खोलीवर येऊन मी चारही घरांपुढे लिहिले: बरे.

असे का लिहिले, याची मी वर्षानुवर्षे वेगवेगळी कारणे काढली. एक कारण असे की त्यांची अब्रू झाकली. दुसरे असे की मला कसे कळले हे मॅडमना सांगायचे तर माझ्या माँचे उसने कप सांगावे लागले असते, आणि पुण्याच्या बाईपुढे ते सांगायची मला लाज वाटली. ही दोन्ही कारणे अर्धी खरी आहेत. पूर्ण खरे कारण तिसरे: वरवर दिसले तेवढेच नीटनेटके लिहून मला मॅडमना खूश करायचे होते. आठवडाभराने वसुंधरा मॅडमनी मला बोलावले. म्हणाल्या, “रिपोर्ट छान आहे तुझा, नीटनेटका. पण बोर्डाला पानं वाचायला वेळ नसतो. मला दोन्ही कम्युनिटींचं कम्पॅरिझन एका वाक्यात सांग.” मला हुशारी दाखवायची होती. नोकरी कायम झाली तर फॅमिली व्हिसा मिळणार होता. हाफिजा आणि मुलांना मी दोन वर्षे पाहिले नव्हते. मी म्हटले, “मॅडम, इराक्यांच्या पेल्यांना सोन्याची कड आहे, आणि आमच्या हाजींच्या पेल्याला कडच नाही.”

मॅडम हसल्या. त्यांनी ते वाक्य लिहून घेतले. बोर्डातही लोक हसले, असे त्यांनी मला कौतुकाने सांगितले.

फी इराणी मुलांना मिळाली. त्यात त्या विधवेची दोन मुले होती, त्याचे मला समाधान आहे. त्यात हाजी दादखुदांचे दोन पुतणेही होते. हाजींनी खुशीने मला लाल गालिचा पाठवला. मी म्हटले, “हाजी, तुम्हाला गरज नव्हती.” ते म्हणाले, “देणाऱ्याचं मन मोडू नये, भाई.” मीही त्यांचे मन मोडले नाही, गालिचा ठेवून घेतला. हाजींवर मला राग धरायचा होता, पण धरता आला नाही. ते पिढीजात सवयीने बोलले. मी जाणूनबुजून लिहिले. वसुंधरा मॅडमवरही राग नाही. त्यांनी एक वाक्य मागितले होते, विनोद मागितला नव्हता.

मी कायम झालो. अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये हाफिजा, आफरीन आणि ताबिश आले. त्याच महिन्यात ईनासची शाळा सुटली. सीबच्या बाजारात बायकांचे कपडे शिवणारे एक दुकान होते, तिथे ती काजबटणे करायला बसली. हाफिजाचे कपडे शिवायला टाकायला आम्ही तिथेच जायचो. आफरीन, तुला ती आठवत असेल. तू बारा वर्षांची होतीस. काउंटरवर बसून तू गणिताचा गृहपाठ करायचीस आणि ती मापाची पट्टी गळ्यात घालून तुझी चूक दाखवायची. एकदा तू मला विचारलेस, “बावा, शी इज सो गुड इन मॅथ्स. ती स्कूलला का नाही जात?” मी म्हटले, “तिला शिवणकाम आवडतं.” तुला मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या असतील, ही थाप मला अजून झोपू देत नाही.

हाफिजाला मी कामाबद्दल थोडेफार सांगितले होते, पेल्यांचे सांगितले नव्हते. तरी ती एकदा म्हणाली होती, “लोकांकडे जाऊन चाय पितांव आनी मंग त्यांचाच मोजमाप लिवतांव? हा कसला काम हाय तुमचा?” मी तिच्यावर खेकसलो. हाफिजा, तू बरोबर होतीस. हे मी कागदावर लिहून देतो, पुढे भांडणात उपयोगी पडेल.

सन दोन हजार एकमध्ये उस्ताद मुवफ्फक अम्मानला जायला निघाले. घरातले सामान दाराशी मांडून विकत होते. मी गेलो. काहीतरी विकत घ्यावे, दामदुप्पट द्यावे आणि मन हलके करावे, असा माझा बेत. ट्रे आणि सहा पेले तिथेच होते. मी किंमत विचारली. उम्म ईनास बाहेर आल्या. त्या परपुरुषाशी फारशा बोलत नसत, त्या दिवशी बोलल्या.

म्हणाल्या, “अबू ताबिश, हे तुम्हाला विकायचे नाहीत. हे तुमचेच आहेत. त्या दिवशी चौथ्या घरी तुम्ही बशी उलटी केलीत. मी पडद्याआड उभी होते. आम्हा बायकांचा जीवच गेला. आम्हाला वाटत होतं, तुम्ही आमच्या राहण्याच्या परवान्याची चौकशी करायला आलात. भिकेला लागलेले दिसलो तर आम्हाला हाकलतील, म्हणून तो सगळा खटाटोप. तुम्हाला कळलं, आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. आम्ही चार वर्षं इथे राहिलो ते तुमच्यामुळे. मी प्रत्येक नमाजात तुमचं नाव घेते.”

मी काय केले? मी “अस्तगफिरुल्लाह, अल्ला माफ करो, असं काही नाही” असे पुटपुटलो. लोक याला नम्रता समजतात. त्यांनी ट्रे फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. ईनास शेजारी उभी होती, तिच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते. मी ट्रे घेऊन घरी आलो. गाडीत तो मागच्या सीटवर किणकिणत होता आणि मी रेडिओ मोठा केला.

तेव्हापासून दर वर्षी रमजान ईदला अम्मानहून कार्ड येते. सात कार्डे आली आहेत, क्लिपबोर्डच्या खाली ठेवली आहेत. पहिली चार उम्म ईनास यांच्या हातची. त्या वारल्या. पुढची तीन ईनासने लिहिली. गेल्या ईदच्या कार्डात आहे: आई शेवटपर्यंत सांगायची, जगात एक तरी माणूस असा भेटला ज्याने आमची बशी उलटी केली आणि तोंड बंद ठेवले. मी एकाही कार्डाला उत्तर दिले नाही. अजून एकाही पाहुण्याला त्या पेल्यांतून चहा दिला नाही. हाफिजाला वाटते मी जपून ठेवले आहेत.

म्हणून मी असे ठरवतो की ट्रे, सहा पेले आणि सहा बश्या आफरीनने स्वतः अम्मानला घेऊन जाव्यात. पार्सल करू नये. ईनासच्या घरी जावे, ती जे देईल ते प्यावे, आणि बशी उलटी करू नये. नंतर हे कलम तिला अरबीत वाचून दाखवावे. मी तिला काही देत नाही आहे, हे स्पष्ट सांगावे. पेले तिच्याच आईचे आहेत. मी फक्त तिच्या आईने मला दिलेले आभार परत करतो आहे, ते माझे नव्हते.

कलम ८. माझ्या मिळकतीचा जो एक तृतीयांश माझ्या मर्जीचा आहे, तो ईनास मुवफ्फक हिला द्यावा. ती सव्वीस वर्षांची आहे. शिकायची तिची इच्छा उरली आहे की नाही, मला माहीत नाही. ती इच्छा मीच मारली असेल तर मी कोणत्या तोंडाने विचारू? तिने घ्यायला नकार दिला तर आग्रह करू नये, तो तिचा हक्क आहे. मग ती रक्कम अशा मुलांच्या फीसाठी वापरावी ज्यांची शाळा सुटत आहे. अट एकच. कोणाच्याही घरी पाहणी करायला जाऊ नये. मूल मागायला आले की द्यावे. दहातले दोन खोटे निघाले तर निघोत. मी खरी माहिती गोळा करणारा माणूस होतो, मला पाहा.

कलम ९. या मृत्युपत्राची व्यवस्था आफरीन हिने पाहावी. आफरीन आज औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून उभी राहते, लोक तिला डॉक्टर म्हणतात, मला त्याचा अभिमान आहे. बेटा, तो कोट तुझ्या मेहनतीचा आहे, पण इथली शाळा मी कशी मिळवली ते तुला आता कळले. तुझे मराठी अडखळते, तेव्हा मार्टिन अंकलकडून वाचून घे. त्यांना सगळे ठाऊक आहे. ताबिशने बहिणीला अडवू नये. हाफिजाने माझ्यावर रागवावे, मुलांवर नको.

पुरवणी. वरील मजकूर झाल्यावर मी साक्षीसाठी मार्टिन घोन्साल्विस आणि म्हसळ्याचे सकलैन धनसे यांना घरी बोलावले. सकलैनने लगेच पेन काढले. मार्टिनने कलम ७ दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “मी नाय सही करणार.”

मी विचारले, का?

म्हणाले, “मेल्यावर खरं बोलायला काय लागतं, जैनुभाय? पोरीला पाठवणार अम्मानला, आणि ती बाई जे काय बोलेल ते तुमच्या आफरीनने ऐकून घ्यायचं? तुम्ही कबरीत निवांत! आमच्याकडे कन्फेशन जिवंत माणूस करतो, यार. आधी लेटर लिवा. मग सही.”

सकलैन म्हणाला, “घोन्साल्विससाब, मंगळवारी ऑपरेशन हाय त्यांचा, टेन्शन नका देऊ.” मार्टिन म्हणाले, “म्हणूनच तर आज.”

मी चिडलो. चहा न देता त्यांना परत पाठवावे असे वाटले. मग लक्षात आले की मी सात वर्षे मंगळवारचीच वाट पाहत होतो. मेल्यावर कळावे, अशी तजवीज मी मोठ्या सभ्य भाषेत करून ठेवली होती आणि तिला मृत्युपत्र म्हणत होतो. अब्रू झाकायची माझी ती जुनीच रीत.

मी कलम ७ अरबीत उतरवून काढले. बिस्किटाचे वाक्य दोनदा खोडले आणि दोनदा पुन्हा लिहिले. माझा पत्ता आणि फोन नंबर घातला. मार्टिनने पाकीट माझ्याकडे दिले नाही, स्वतः जाऊन टपालात टाकले आणि परत आल्यावर सही केली. त्या वेळी मी कपाटातून सोनेरी कडेचे पेले काढून तिघांसाठी चहा करायला निघालो होतो. हात लागेना. जाड काचेच्या ग्लासातच दिला.

कलम ७ मधली आफरीनला केलेली आज्ञा आता अशी बदलतो: पेले तिने न्यावेत, वाचून दाखवायचे काम माझे मी केले आहे. ऑपरेशनची मला भीती वाटते, पण काल वाटत होती ती नाही. जगलो तर उत्तर वाचावे लागेल.

आणि उत्तर मी गेल्यावर आले तर ते कोणी लपवू नये, फाडू नये. आफरीनने ते घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. त्यात शिव्या असतील तर त्याही मोठ्याने वाचाव्यात, एकही शब्द गाळू नये. आणि तिने मला माफ केले असेल, तर तेवढे वाक्य हळू वाचावे. ते ऐकायची मला लाज वाटेल.

लिहून ठेवणार: जैनुद्दीन हसनमियाँ होडेकर (सही)

आमच्यासमोर सही केली, कागद वाचून पाहिला आणि पत्र टपालात पडल्याची खात्री केली:

१. मार्टिन घोन्साल्विस, वसई, सध्या सीब (सही)

२. सकलैन धनसे, म्हसळा, जिल्हा रायगड, सध्या सीब (सही)

ठिकाण: सीब, ओमान
दिनांक: १४ नोव्हेंबर २००८, शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर